पुनरुद्भवित डोके-मान कर्करोगातील जीवितकाल : प्रभावी घटकांच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :

कर्करोगाच्या निदानाने कुटुंबावर पहिला आघात होतो हे खरे. परंतु उपचार पूर्ण होऊन, घरी परतून, कामाला लागल्यानंतर रोगाने पुन्हा डोके वर काढणे हा दुसरा आघात अधिक खोल असतो. पहिल्या वेळी 'बरे होईल का?' असा प्रश्न विचारला जातो. दुसऱ्या वेळी 'आता किती दिवस?' असा प्रश्न असतो आणि तो बहुधा रुग्णाला बाहेर बसवून विचारला जातो. वैद्यकीय संशोधनाने या प्रश्नाला 'जीवितकालावर परिणाम करणारे घटक' या शीर्षकाखाली उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. मुख, घसा, स्वरयंत्र आणि त्यांलगतच्या अवयवांच्या कर्करोगांविषयी असे विपुल लेखन आज उपलब्ध आहे.

या लेखनाचा भारताशी असलेला संबंध वेगळा सांगण्याची गरज नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि भारतीय पुरुषांमधील तो सर्वांत मोठा कर्करोग ठरला. तंबाखू, गुटखा, सुपारी आणि मद्य यांच्याशी या रोगाचे नाते सिद्ध झालेले आहे. असे असूनही पुनरुद्भवाविषयीची जी परिमाणे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली, त्यांतील बरीच युरोप-अमेरिकेतील रुग्णांवरून घडलेली आहेत. 'घटक' म्हणून ज्यांची नोंद होते ते नेमके काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि कोणत्या बाबी कोष्टकाबाहेर राहतात, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

'पुनरुद्भव' या संकल्पनेचे स्वरूप :

चर्चेच्या प्रारंभीच संकल्पनेची संदिग्धता लक्षात घेणे आवश्यक आहे. उपचारानंतर रोग पूर्णपणे नाहीसा न होता शिल्लक राहणे, नाहीसा होऊन काही काळाने त्याच जागी किंवा मानेतील गाठींत परत येणे, फुप्फुसासारख्या दूरच्या अवयवात पसरणे आणि त्याच परिसरात सर्वस्वी नवा कर्करोग उद्भवणे या चार भिन्न घटना आहेत. व्यवहारात मात्र त्या अनेकदा एकाच शब्दाखाली गोळा होतात. नवा कर्करोग कोणता आणि जुन्याचा पुनरुद्भव कोणता हे ठरविण्याचे निकष वॉरन आणि गेट्स यांनी १९३२ मध्ये मांडले. पुढे १९५३ मध्ये स्लॉटर व सहकाऱ्यांनी मुखाच्या अस्तराचे संपूर्ण क्षेत्रच कर्ककारक द्रव्यांमुळे बिघडलेले असते, अशी 'क्षेत्रीय कर्कीभवना'ची कल्पना पुढे आणली. वर्षानुवर्षे तंबाखू गालात धरणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही कल्पना विशेष अर्थपूर्ण ठरते. एक गाठ काढली तरी जमीन तीच राहते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. शिल्लक राहिलेल्या रोगाचा रुग्ण आणि सहा वर्षांनी नवा कर्करोग झालेला रुग्ण यांना एकाच गटात मोजल्यास त्या गटाचा सरासरी जीवितकाल दोघांपैकी कोणाचेही वर्णन करीत नाही. विविध अभ्यासांच्या निष्कर्षांत जी तफावत दिसते, तिचे एक मूळ या व्याख्येच्या सैलपणात आहे.

रोगाशी निगडित घटक :

पुनरुद्भवाची अवस्था, त्याची जागा, पहिल्या उपचारापासून लोटलेला काळ, पूर्वी झालेला किरणोपचार आणि विषाणूशी असलेला संबंध हे घटक बहुतेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळतात. गुडविन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात महत्त्वाचे मानले जाते. पूर्वप्रकाशित अभ्यासांतील १०८० रुग्णांची माहिती एकत्र करता पुनरुद्भवानंतरच्या शस्त्रक्रियेने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ३९ टक्के असल्याचे त्यांनी दाखविले. त्यांनी स्वतः पाठपुरावा केलेल्या १०९ रुग्णांत रोगमुक्त जीवनाचा सर्वांत दृढ संबंध पुनरुद्भवाच्या अवस्थेशी आढळला. जागेशी असलेला संबंध तुलनेने क्षीण होता. म्हणजेच परतलेला रोग किती लवकर सापडला, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. उपचाराने साधणारे फळ त्यासाठी सोसाव्या लागणाऱ्या यातनांना व खर्चाला न्याय देते का, हा प्रश्न गुडविन यांनी उघडपणे उपस्थित केला, हे त्या लेखाचे वेगळेपण होय.

मानवी पॅपिलोमा विषाणू म्हणजेच एचपीव्हीशी संबंधित घशाच्या कर्करोगात पुनरुद्भवानंतरही स्थिती तुलनेने बरी असते. फाखरी व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात रोग बळावल्यानंतर दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण विषाणूशी संबंधित गटात ५४.६ टक्के, तर इतर गटात २७.६ टक्के होते. हा निष्कर्ष भक्कम असला तरी तो भारतात आणताना सावधगिरी हवी. येथील बहुसंख्य रुग्णांचा रोग गाल, हिरडी व जीभ यांचा आणि तंबाखूजन्य असतो. पश्चिमेकडील मिश्र गटाची आकडेवारी येथील रुग्णाला सांगितली गेल्यास ती त्याच्या वाट्याला येणाऱ्या वास्तवापेक्षा उजळ असण्याचा संभव आहे.

उपचाराशी निगडित घटक आणि निवडीचा प्रश्न :

पुनरुद्भवानंतर ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकते ते अधिक जगतात, हे विधान जवळजवळ प्रत्येक अभ्यासात आढळते. त्याचा अर्थ लावताना मात्र घाई होते. शस्त्रक्रिया कोणाची होते? ज्याची गाठ लहान आहे, जी मानेतील मुख्य रक्तवाहिनीला वेढून बसलेली नाही, ज्याचे हृदय व फुप्फुस भूल सोसू शकते आणि ज्याचे कुटुंब दुसऱ्यांदा खर्च व रजा यांची जुळवाजुळव करू शकते, त्याची. अशा रुग्णाचा जीवितकाल शस्त्रक्रियेविनाही इतरांपेक्षा काहीसा अधिक असण्याची शक्यता असते. त्यामुळे 'शस्त्रक्रिया' हा घटक कोष्टकात जेवढा प्रभावी दिसतो, त्यातील किती वाटा सुरीचा आणि किती निवडीचा, हे निव्वळ जुन्या नोंदींवरून सांगता येत नाही.

पुन्हा किरणोपचार देण्याबाबतही हेच म्हणता येते. फ्रान्समधील जानो व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत शस्त्रक्रियेनंतर पुन्हा किरणोपचार व रसायनोपचार दिल्याने स्थानिक नियंत्रण सुधारले. पण एकूण जीवितकालात वाढ झाली नाही आणि दीर्घकालीन दुष्परिणाम मात्र वाढले. वॉर्ड व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक केंद्रांतील रुग्णांचे तीन वर्ग केले. पहिल्या किरणोपचाराला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि गाठ शस्त्रक्रियेने काढली आहे, असा पहिला वर्ग. दोन वर्षांच्या आतच रोग परतला आहे आणि अन्नासाठी वा श्वासासाठी नळीचा आधार आहे, असा शेवटचा वर्ग. उरलेले सर्व मधल्या वर्गात. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण या तीन वर्गांत अनुक्रमे ६१.९, ४०.० आणि १६.८ टक्के आढळले. रोगाची अवस्था, काळ आणि देहाची स्थिती एकत्र विचारात घेणारी ही वर्गवारी व्यवहारोपयोगी आहे. तथापि तीही ज्यांना पुन्हा किरणोपचार मिळाला त्यांच्यापुरतीच खरी आहे. ज्यांना तो देऊच केला नाही, किंवा मध्येच सोडावा लागला, त्यांच्याविषयी ती मूक आहे. उपचार पूर्ण करणाऱ्यांची न करणाऱ्यांशी तुलना करताना तर आणखी एक दोष शिरतो : उपचार पूर्ण होण्यासाठी तेवढे दिवस जिवंत असावे लागते, आणि ते दिवस उपचाराच्या श्रेयात जमा होतात.

औषधोपचाराच्या क्षेत्रात यादृच्छिक चाचण्यांमुळे चित्र अधिक स्पष्ट आहे. २००८ च्या 'एक्स्ट्रीम' चाचणीत ४४२ रुग्णांचा अभ्यास झाला व रसायनोपचाराला सेटुक्सिमॅबची जोड दिल्याने जीवितकालाचा मध्यक ७.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. २०१६ च्या 'चेकमेट १४१' मध्ये प्लॅटिनमयुक्त औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत निव्होलुमॅबने हा मध्यक ५.१ वरून ७.५ महिने केला. २०१९ च्या 'कीनोट ०४८' मध्ये ८८२ रुग्ण होते. पेम्ब्रोलिझुमॅबचा लाभ गाठीतील पीडी-एल१ या प्रथिनाच्या प्रमाणाशी जोडलेला असल्याचे तीत दिसले. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु या प्रगतीचे माप महिन्यांत आहे, हेही विसरता येत नाही.

रुग्णाच्या देहस्थितीशी निगडित घटक :

अर्गिरिस व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतील दोन चाचण्यांमधील ३९९ रुग्णांचे विश्लेषण करून पाच प्रतिकूल घटक निश्चित केले. वजनातील घट, दैनंदिन कार्यक्षमतेतील उणीव, गाठीच्या पेशींचे स्वरूप, मूळ रोग मुखाचा किंवा अधोग्रसनीचा असणे आणि पूर्वीचा किरणोपचार हे ते घटक होत. दोनपर्यंत घटक असलेल्यांचा मध्यक जीवितकाल सुमारे एक वर्ष, तर तीन किंवा अधिक घटक असलेल्यांचा सुमारे सहा महिने होता.

यातील वजनातील घट हा घटक विशेष विचार करायला लावणारा आहे. तोंड उघडत नाही, गिळताना वेदना होतात, भाकरी सुटते, मग भातही सुटतो आणि पेज उरते. या मार्गाने वजन उतरते तेव्हा ते रोगाच्या तीव्रतेचे चिन्ह असते, की कोणी वेळेवर आहारतज्ज्ञाकडे न पाठविल्याचा परिणाम असतो? बहुचल विश्लेषण दोन्हींना एकाच रकान्यात बसविते. अन्ननळीचेही तसेच. ती वाईट भवितव्याची खूण म्हणून नोंदली जाते. पण अनेक रुग्णांच्या बाबतीत योग्य वेळी घातलेली नळीच पुढील उपचार शक्य करते. खूण आणि कारण यांतील हा फरक न केल्यास बदलता येण्याजोगी गोष्ट अटळ मानली जाते.

संख्यांच्या भाषेची चिकित्सा :

कॅप्लान व मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धती आणि कॉक्स यांचे १९७२ चे प्रतिमान हे या सर्व लेखनाचे पायाभूत आधार आहेत. पाठपुराव्यातून निसटलेल्या रुग्णांना या पद्धतींत निसटण्याच्या क्षणापर्यंतच मोजले जाते. त्यामागे एक गृहीतक असते : निसटलेल्यांचे पुढे तेच होते जे राहिलेल्यांचे होते. हे गृहीतक कोठे टिकते आणि कोठे कोसळते, याची चर्चा लेखांत क्वचितच येते.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. १०० रुग्णांपैकी २० जण पहिल्या भेटीनंतर पुन्हा आलेच नाहीत. उरलेल्या ८० पैकी ४० जणांचा वर्षभरात मृत्यू झाला. प्रचलित पद्धतीने वर्षअखेर जगणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्के येते. निसटलेले सर्व जिवंत असतील तर ते ६० टक्के होईल. सर्व दगावले असतील तर ४० टक्के. खेड्यातून महानगरातील रुग्णालयात येणारा, पुनरुद्भवाचे निदान ऐकून गावी परतलेला आणि पुन्हा न आलेला रुग्ण बरा होऊन शेतात राबत आहे, असे मानण्यास आधार नाही. त्याच्या बाबतीत खरे उत्तर तळाच्या आकड्याजवळ असण्याची शक्यता अधिक. म्हणून जेथे दारिद्र्य व अंतर यांमुळे रुग्ण निसटतात, तेथे प्रसिद्ध होणारे प्रमाण वास्तवापेक्षा चांगले दिसते. जी व्यवस्था रुग्णाला धरून ठेवू शकत नाही, तिचीच आकडेवारी सुधारते, ही या पद्धतीतील मोठी विसंगती होय.

'मध्यक' या मापाबाबतही गैरसमज संभवतो. मध्यक सात महिने म्हणजे प्रत्येकाला सात महिने नव्हेत; निम्मे त्यापूर्वी जातात आणि निम्मे त्यानंतरही असतात, त्यांतील काही पुष्कळ काळ असतात. 'चेकमेट १४१' मध्ये मध्यकातील फरक अडीच महिन्यांहूनही कमी होता. परंतु एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.६ वरून ३६ टक्क्यांवर गेले. कुटुंबाला कोणता आकडा सांगितला जातो, यावर त्याचा पुढचा निर्णय ठरतो.

कोष्टकाबाहेरचा घटक :

वरील सर्व विवेचनात एक घटक सर्वत्र अदृश्य रूपाने वावरतो, तो म्हणजे परवडणे. 'उपचारास नकार', 'उपचारास अपात्र', 'पाठपुरावा नाही' या नोंदी वैद्यकीय कागदावर तटस्थ दिसतात. त्यांच्यामागे मोडलेली बैलजोडी, संपलेली रजा, मुंबईत राहायला जागा नसणे किंवा मुलीचे थांबलेले शिक्षण असू शकते. रोगाची अवस्था मोजली जाते, पीडी-एल१ मोजले जाते. रुग्णालयापर्यंतचे अंतर व घरातील मिळवते हात यांचा रकाना बहुतेक अभ्यासांत नसतो.

यावर असा आक्षेप घेता येईल, की सामाजिक परिस्थितीची नोंद करून डॉक्टरांच्या हाती काय येणार? गाठीवर उपचार करता येतो, गरिबीवर नाही. हा आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. परंतु मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनाने त्याला प्रत्यक्ष उत्तर दिले आहे. विजय पाटील, कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४२२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या तोंडाने घ्यावयाच्या, स्वस्त व जुन्या औषधांची शिरेतून द्यावयाच्या सिस्प्लॅटिनशी तीत तुलना होती. मध्यक जीवितकाल ६.१ ऐवजी ७.५ महिने आढळला आणि तीव्र दुष्परिणाम ३० ऐवजी १९ टक्के रुग्णांत दिसले. त्यानंतर २०२२ मध्ये याच परंपरेतील दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तोंडाने घ्यावयाच्या तीन औषधांना निव्होलुमॅबच्या केवळ २० मिलिग्रॅम मात्रेची, दर तीन आठवड्यांनी, जोड देण्यात आली. दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम या रूढ मात्रेशी तुलना करता हे प्रमाण सुमारे अठराव्या भागाइतके आहे. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के, तर मध्यक ६.७ वरून १०.१ महिने झाला.

या चाचण्यांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पहिलीत तुलनेसाठी एकट्या सिस्प्लॅटिनचा उपयोग झाला, सेटुक्सिमॅबयुक्त उपचाराचा नव्हे. दुसरीत अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी झालेली नाही. त्यामुळे दोन्ही समान आहेत असा निष्कर्ष तीतून निघत नाही. दोन्ही चाचण्या एकाच केंद्रातील आहेत. असे असले तरी त्यांचे वैचारिक मोल मोठे आहे. 'सर्वोत्तम औषध कोणते?' याऐवजी 'ज्याला ते औषध मिळणारच नाही, त्याच्यासाठी उत्तम काय?' असा प्रश्न त्यांनी विचारला. परवडणे हा कोष्टकाबाहेरचा घटक त्यांनी संशोधनाच्या केंद्रस्थानी आणला आणि त्यातून उपचारच निघाला.

पुनरुद्भव टाळण्याचा विचार :

जीवितकालाच्या घटकांची चर्चा पुनरुद्भवानंतर सुरू होते. वास्तविक तिची मुळे पहिल्या उपचारात असतात. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयातच केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुखाच्या प्रारंभिक कर्करोगात मानेतील गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्यास तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के, तर गाठी दिसू लागल्यावर काढल्यास ६७.५ टक्के आढळले. पहिल्या गटात पुनरुद्भव ८१ रुग्णांत, दुसऱ्यात १४६ रुग्णांत झाला. ज्या रुग्णाचा पाठपुरावा अनिश्चित आहे, त्याच्या बाबतीत 'वाट पाहू' हे धोरण किती महाग पडते, हे यातून उमगते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि कायद्याने बंद झालेली वस्तू टपरीवर मिळत राहिली, तर बिघडलेले क्षेत्र दुरुस्त होण्याची संधी मिळत नाही.

निष्कर्ष :

१. पुनरुद्भवाची अवस्था, लोटलेला काळ, देहस्थिती आणि शस्त्रक्रियेची शक्यता हे जीवितकालाचे महत्त्वाचे घटक होत. परंतु त्यांतील 'उपचार' या घटकाचे मोल निवडीच्या परिणामापासून वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

२. वजनातील घट, अन्ननळीचा आधार यांसारखे घटक केवळ भाकितासाठी न वापरता हस्तक्षेपाची सूचना म्हणून वाचले गेले पाहिजेत.

३. विषाणूजन्य रोगाचे प्रमाण भिन्न असलेल्या समाजातील आकडे भारतीय रुग्णाला जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही.

४. पाठपुराव्यातून निसटलेल्या रुग्णांची संख्या व शक्य असल्यास त्यांचे पुढे काय झाले, हे प्रत्येक अभ्यासात स्पष्टपणे दिले जावे. फोन किंवा गावातील आरोग्यसेविकेमार्फत केलेली साधी चौकशीही निष्कर्षाची विश्वासार्हता वाढवू शकते.

५. उत्पन्न, अंतर आणि आधार देणारे कुटुंब यांची नोंद वैद्यकीय घटकांच्या बरोबरीने व्हावी. या कामी समाजशास्त्र, अर्थशास्त्र व संख्याशास्त्राच्या अध्यापकांना वैद्यकीय संशोधकांशी सहकार्य करण्यास मोठा वाव आहे.

'आता किती दिवस?' या प्रश्नाचे अचूक उत्तर कोणतेही कोष्टक देऊ शकणार नाही. मात्र ज्यांच्या आयुष्यावरून ते कोष्टक तयार होते, त्यांच्यातील एकही माणूस उत्तरातून वगळला जाऊ नये, एवढी अपेक्षा संशोधनाकडून निश्चितच करता येते.